सर्जनचा हात घडतो रुग्णाच्या देहावर

आजी न्हाणीघरात घसरते, तोल सावरायला हात टेकवते आणि मनगट मोडतं. हाडांच्या डॉक्टरकडे नेलं की एक्स-रे काढायच्या आधीच, नुसता हाताचा आकार बघून तो म्हणतो, ‘कॉलिस फ्रॅक्चर.’ हे नाव ज्याचं, तो अब्राहम कॉलिस डब्लिनचा. १८१४ साली एडिंबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात त्याने या फ्रॅक्चरचं वर्णन छापलं, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागायला अजून ८१ वर्षं होती. तोवर बहुतेक सर्जन मनगटाचा सांधा निखळला असंच समजून चालत. कॉलिसने रुग्णाचा पंजा एका हाताने ओढून धरला आणि दुसऱ्या हाताने हाड चाचपलं. ओढलं की वाकडेपणा जाई, सोडलं की परत येई. सांधा निखळला असता तर एकदा बसवल्यावर बसून राहिला असता. म्हणजे हाड मोडलंय, सांध्याच्या साधारण दीड इंच वर. असं फ्रॅक्चर झालेला हात उघडून पाहण्याची संधी आपल्याला अजून मिळालेली नाही, हेही त्याने त्याच लेखात सांगून टाकलं.

हे बोटांचं ज्ञान आणि हा प्रामाणिकपणा एका माणसाच्या अंगी आला, पण तो आकाशातून पडला नाही. त्यामागे एक शहर होतं, एक कॉलेज होतं आणि हजारो गोरगरिबांचे देह होते. सर्जनचा हात कुणाच्या तरी देहावरच घडतो, याला पर्याय नाही. पहिला टाका कुणाला तरी घातला जातो, पहिली चूक कुणाला तरी भोगावी लागते. तो देह कुणाचा, आणि हात पुरेसा तयार झाला हे ठरवायचं कुणी, हे दोन्ही सार्वजनिक प्रश्न आहेत. ते डॉक्टरांवर सोपवून समाजाने मोकळं होऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आयर्लंडचा तीनशे वर्षांचा अनुभव या मताला जितका भक्कम आधार देतो, तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या देशाचा देत असेल.

डब्लिनमधल्या न्हावी-सर्जनांच्या संघाला सहाव्या हेन्रीने १४४६ मध्ये सनद दिली. दाढी करणारा, रक्त काढणारा, गळू फोडणारा आणि पाय कापणारा, सगळे एकाच छत्राखाली. वैद्य म्हणवणारे, लॅटिन वाचणारे लोक निराळे. त्यांचं कॉलेज सतराव्या शतकात निघालं, आणि ते सर्जनला पंगतीला बसवून घेत नसत. हे बदललं पाहिजे असं ज्याने सर्वांत स्पष्ट शब्दांत मांडलं, तो राजधानीतला नव्हता. लिमरिकचा सिल्व्हेस्टर ओ’हॅलोरन हा कॅथलिक, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत नाव कमावलेला, युरोपात शिकून आलेला सर्जन. १७६५ मध्ये त्याने आयर्लंडमधल्या शल्यचिकित्सेच्या सुधारणेचा प्रस्ताव छापला. सर्जनला रीतसर शिकवा, आणि जाणत्यांनी परीक्षा घेतल्याशिवाय त्याला लोकांच्या अंगाला सुरी लावू देऊ नका, हा त्याचा गाभा. पुढे १७८० मध्ये डब्लिनच्या सर्जनांनी आपली संघटना काढली आणि ११ फेब्रुवारी १७८४ रोजी रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स इन आयर्लंडला सनद मिळाली. सर्जन न्हाव्यांपासून वेगळे झाले.

या कॉलेजचं खरं काम परीक्षा घेण्याचं होतं. एखाद्या जिल्हा रुग्णालयात नेमणूक हवी असेल तर कॉलेजचं प्रमाणपत्र दाखवावं लागू लागलं. पण परीक्षेला बसायचं तर आधी एखाद्या सर्जनकडे करार करून, फी मोजून काही वर्षं उमेदवारी करायची. फी उस्तादाच्या खिशात जायची. शिकवणारा, फी घेणारा आणि परीक्षक यांची वर्तुळं एकमेकांत मिसळलेली. डब्लिनच्या मीथ हॉस्पिटलमधून डॉक्टर व्हिटली स्टोक्स निवृत्त झाला तेव्हा १८२६ साली त्याच जागी त्याचा मुलगा विल्यम आला, वयाच्या बाविसाव्या वर्षी. विल्यम स्टोक्स पुढे युरोपातल्या मोठ्या डॉक्टरांत गणला गेला. मुलगा कर्तबगार निघाला म्हणून ती पद्धत चांगली ठरत नाही. ज्या ज्या घराण्यांतून असे विल्यम निघाले नाहीत, त्यांचे रुग्ण इतिहासात नावानिशी सापडत नाहीत, एवढंच.

हे सगळं शिक्षण ज्यांच्या जिवावर चाललं त्यांच्याबद्दल वैद्यकीय इतिहासाची पुस्तकं फार घाईने बोलतात. डब्लिनमधली जुनी रुग्णालयं, १७१८ चं जर्व्हिस स्ट्रीट, १७३३ चं डॉ. स्टीव्हन्स, १७४५ मध्ये बार्थोलोम्यू मॉसने काढलेलं बाळंतपणाचं रुग्णालय, ही सारी धर्मादाय. श्रीमंतांना डॉक्टर घरी येऊन तपासायचा. रुग्णालयात यायचा तो गरीब. उपचार फुकट, आणि त्या बदल्यात त्याच्या खाटेभोवती विद्यार्थी उभे. मेल्यावरही सुटका नव्हती. किल्मेनहॅमजवळ ‘बुलीज एकर’ नावाची दफनभूमी होती. तिथे पुरायला पैसे पडत नसत, म्हणून शहरातले गरीब आपली माणसं तिथे नेत. आणि रात्री शवविच्छेदनाच्या वर्गांसाठी तीच माणसं उकरून काढली जात. डब्लिनमध्ये खाजगी शरीररचना शाळा इतक्या निघाल्या होत्या की प्रेतांना कायम मागणी, शिवाय समुद्रापलीकडे ब्रिटनमध्येही ती रवाना होत. सर्जनांच्या कॉलेजची सेंट स्टीफन्स ग्रीनवरची देखणी इमारत १८१० मध्ये उघडली, तीही क्वेकर पंथीयांच्या जुन्या दफनभूमीच्या जागेवर.

१८३२ च्या शरीररचना कायद्याने चोरी थांबली. पण कशी? दरिद्री-आश्रमांत आणि रुग्णालयांत मेलेल्या, ज्यांच्यावर कुणी हक्क सांगितला नाही अशांचे देह कायद्यानेच शाळांना मिळू लागले. आधी गरिबाचा देह रात्री चोरून नेत, आता दिवसा कागद करून नेऊ लागले. संमती त्याची तेव्हाही नव्हती, नंतरही नव्हती. म्हणून कॉलिसच्या आयुष्यातली शेवटची गोष्ट मला त्याच्या फ्रॅक्चरपेक्षा मोठी वाटते. १८४३ मध्ये, मृत्यू जवळ आल्याचं कळल्यावर, त्याने आपल्या तरुण सहकाऱ्याला, रॉबर्ट स्मिथला पत्र लिहिलं. आपल्या मृत्यूनंतर देहाची नीट तपासणी करा आणि आजाराचं मूळ शोधा, म्हणजे इतरांना उपयोग होईल, असा त्याचा आशय. त्याप्रमाणे तपासणी झाली आणि अहवाल छापलाही गेला. ज्याने आयुष्यभर अनामिकांचे देह उघडले, त्याने स्वतःचा देह नावानिशी पुढे केला. शिक्षणासाठी दुसऱ्याचा देह मागणाऱ्याने निदान एवढं तरी देणं लागतो हे ओळखावं, ही अपेक्षा अवाजवी नाही.

जिवंत रुग्णाच्या बाबतीत डब्लिनने जे केलं ते मात्र जगाने उचलावं असंच होतं, आणि जगाने उचललंही. रॉबर्ट ग्रेव्हज १८२१ मध्ये मीथ हॉस्पिटलमध्ये आला. तोवरचं क्लिनिकल शिक्षण कसं होतं? मोठा डॉक्टर वॉर्डातून फिरायचा, मागे विद्यार्थ्यांचा घोळका. तो रुग्णाला काही विचारायचा, मग मोडक्या-तोडक्या लॅटिनमध्ये कारकुनाला काहीतरी सांगायचा. मागच्यांना धड ऐकू यायचं नाही, रुग्णाला तर काहीच कळायचं नाही. रुग्णाला हात न लावता, एकही निदान स्वतः न करता पोरं पदवी घेऊन बाहेर पडत. ग्रेव्हज युरोप फिरून जर्मन पद्धत पाहून आला होता. त्याने एकेका विद्यार्थ्याला रुग्ण वाटून दिले. इतिहास तू घे, तपास तू, निदान तू सांग, उपचार तू सुचव, आणि मग सगळ्यांसमोर त्याचं समर्थन कर. रुग्णाचं बरंवाईट झालं तर तुला उत्तर द्यायचंय. लॅटिनऐवजी इंग्रजी आली. आज मुंबईच्या केईएममध्ये किंवा पुण्याच्या ससूनमध्ये इंटर्न सकाळच्या राउंडला केस सादर करतो आणि वरिष्ठ त्याची उलटतपासणी घेतात, त्या रिवाजाच्या मागे ज्यांचे कष्ट आहेत त्यांत ग्रेव्हज आहे.

ग्रेव्हजचा मुद्दा जबाबदारीचा होता. विद्यार्थी नुसता बघ्या राहिला तर रुग्ण म्हणजे देखावा होतो. जबाबदारी अंगावर पडली की रुग्ण माणूस होतो. तापाच्या रुग्णाला उपाशी ठेवायची तेव्हाची पद्धतही त्याने मोडली. ‘त्याने तापाला जेवू घातलं’ हे आपल्या थडग्यावर लिहा, असं तो म्हणत असे. वारंवार टायफसच्या तापाने पोळलेल्या, बटाट्यावर जगणाऱ्या देशात या वाक्याचं वजन किती असेल याची कल्पना करावी.

पण हे सुंदर वॉर्ड कुणासाठी खुले होते? देशातली बहुसंख्य जनता कॅथलिक, आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजची पदवी कॅथलिकांना १७९३ पर्यंत बंद. डॉमिनिक कॉरिगनने जर्व्हिस स्ट्रीटमधल्या मोजक्या खाटांच्या जोरावर हृदयाच्या झडपेच्या आजारावर १८३२ मध्ये असा लेख लिहिला की त्या आजारात लागणाऱ्या नाडीला आजही त्याचं नाव आहे. तरी फिजिशियन्सच्या, म्हणजे वैद्यांच्या, कॉलेजने त्याला मानद फेलो करायला नकार दिला. त्याने मग पन्नाशीत, नव्या पोरांबरोबर बसून परीक्षा दिली, आणि १८५९ मध्ये त्याच कॉलेजचा पहिला कॅथलिक अध्यक्ष झाला.

बायकांचं दार उघडलं ते मात्र याच कॉलेजने, आणि इथे या गोष्टीचा एक धागा थेट मुंबईला येऊन मिळतो. एडिथ पीची एडिंबरोत शिकत होती. रसायनशास्त्रात तिने होप शिष्यवृत्ती मिळवण्याइतके गुण काढले, पण शिष्यवृत्ती तिच्या खालच्या मुलाला दिली गेली. पुढे तिला आणि तिच्याबरोबरच्या मुलींना परीक्षेला बसू द्यायचं नाही म्हणून दंगाही झाला. १८७६ च्या कायद्याने परीक्षा मंडळांना स्त्रियांना घ्यायची मुभा दिली, सक्ती केली नाही. मुभा असूनही इंग्लंड आणि स्कॉटलंडमधली मंडळं ढिम्म. डब्लिनच्या फिजिशियन्सच्या कॉलेजने सर्वांत आधी होकार दिला, आणि १८७७ मध्ये एलायझा वॉकर डनबर, सोफिया जेक्स-ब्लेक, एडिथ पीची यांना तिथून परवाना मिळाला. पीची १८८३ च्या अखेरीस मुंबईला आली ती स्त्रिया आणि मुलांसाठीच्या कामा हॉस्पिटलची जबाबदारी घेऊन. रखमाबाईंवरचा खटला गाजत होता तेव्हा ती त्यांच्या पाठीशी उभी राहिली, डॉक्टर होण्यासाठी विलायतेला जायला तिने त्यांना बळ दिलं, निधी उभा करायला मदत केली. डब्लिनच्या एका परीक्षा मंडळाने बाहेरच्यांना आत घेतलं नसतं, तर कामा हॉस्पिटलच्या बाळंतिणींच्या वाट्याला कोण आलं असतं कुणास ठाऊक. सर्जनांचं कॉलेज १८८५ मध्ये या वाटेवर आलं, आणि १८९३ मध्ये एमिली विनिफ्रेड डिक्सन त्याची फेलो झाली. ब्रिटन-आयर्लंडमधल्या कुठल्याही रॉयल सर्जन्स कॉलेजची ती पहिली स्त्री फेलो. इंग्लंडच्या कॉलेजला त्यासाठी १९११ उजाडावं लागलं.

ओ’हॅलोरन, कॉरिगन, पीची, डिक्सन ही सगळी दाराबाहेरची माणसं. त्यांच्या येण्याने व्यवसायाचा दर्जा खालावेल असं आतल्यांना वाटत होतं आणि घडलं नेमकं उलट. आता आतल्यांनीच आतल्यांचा न्याय केला तर काय होतं, ते ड्रॉहेडाने दाखवलं.

ड्रॉहेडा हे डब्लिनच्या उत्तरेचं गाव. तिथल्या अवर लेडी ऑफ लूर्द्स हॉस्पिटलमध्ये मायकेल नीरी १९७४ पासून प्रसूतितज्ज्ञ होता. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबतच नसेल तर जीव वाचवायला गर्भाशय काढतात. हा शेवटचा उपाय. एखाद्या प्रसूतितज्ज्ञावर उभ्या कारकिर्दीत ही वेळ बोटांवर मोजण्याइतकी येते. या रुग्णालयात २५ वर्षांत अशा १८८ शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी १२९ नीरीच्या नावावर निघाल्या. काहींचं ते पहिलंच मूल होतं. हे चोरून झालं नव्हतं. भूल देणारे समोर होते, सुईणी समोर होत्या, शिकाऊ डॉक्टर तर शेजारी उभे राहून हात पुढे करत होते. १९९८ मध्ये बाहेरच्या रुग्णालयात काम करून आलेल्या एका सुईणीने तोंड उघडलं, कारण दुसरीकडे असं होत नाही हे तिने पाहिलं होतं.

मग जे झालं ते त्याहून धक्कादायक. डब्लिनच्या तीन नामवंत प्रसूतितज्ज्ञांनी त्याच्या काही केसेस तपासल्या आणि त्याला काम चालू ठेवायला हरकत नाही असं सांगितलं. तशाच केसेस मँचेस्टरच्या एका तज्ज्ञाने पाहिल्या आणि तो हादरला. ज्ञान दोघांकडे सारखंच होतं. फरक इतकाच की मँचेस्टरवाल्याला उद्या परवा कुठल्या परिषदेत नीरीशेजारी बसायचं नव्हतं. २००३ मध्ये नीरीचं नाव नोंदणीतून काढलं गेलं. न्यायाधीश मॉरीन हार्डिंग क्लार्क यांचा अहवाल २००६ मध्ये आला. तोवर कितीतरी बायकांचे केसपेपर पद्धतशीर गायब झाले होते.

शिकाऊ डॉक्टरांनी का नाही विचारलं? कारण ग्रेव्हजने दिलेली जबाबदारी मधल्या काळात उलटी फिरली होती. विद्यार्थी रुग्णाला उत्तर देण्याऐवजी साहेबाला उत्तर देऊ लागला होता. पुढची नोकरी साहेबाच्या शिफारशीवर अवलंबून. अशा ठिकाणी शिकणारा माणूस शस्त्रक्रियेबरोबर गप्प राहणंही शिकतो, आणि दुसरा धडा जास्त दिवस टिकतो.

२००७ च्या वैद्यकीय व्यवसाय कायद्याने आयर्लंडने यावर उत्तर दिलं. मेडिकल कौन्सिलच्या २५ सदस्यांत डॉक्टर नसलेल्यांचं बहुमत केलं. डॉक्टरांना आयुष्यभर आपली क्षमता टिकवून दाखवणं बंधनकारक झालं. सामान्य माणसाला शस्त्रक्रियेतलं काय कळतं, हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. टाका कसा घालायचा हे त्याला कळत नाही, मान्य. पण एका माणसाच्या हातून १२९ का, आणि त्याच्या शेजारच्याच्या हातून इतक्या कमी का, हे विचारायला सर्जन असावं लागत नाही. किंबहुना ड्रॉहेडात हा प्रश्न सर्जनांनी विचारलाच नाही.

कायदा झाला, पण देहाचा हिशेब अजून पुरा झालेला नाही, आणि आता त्यात आपली माणसं आहेत. युरोपीय विद्यार्थ्यांसाठी आयरिश सरकारने वैद्यकीय जागांवर अनेक वर्षं ३०५ ची मर्यादा ठेवली होती. वैद्यकीय शिक्षणावरच्या २००६ च्या फॉट्रेल अहवालाने ती ७२५ पर्यंत न्यायला सांगितलं. तोवर वैद्यकीय शाळांनी खर्च भागवण्यासाठी युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांचं जबर शुल्क हा हुकमी मार्ग शोधला होता, आणि सर्जनांच्या कॉलेजने तर पेनांग आणि बाहरीनमध्येही शाळा काढल्या. इथे शिकलेले अनेक आयरिश तरुण कामाच्या तासांना कंटाळून ऑस्ट्रेलियाला जातात. ८ ऑक्टोबर २०१३ ला कनिष्ठ डॉक्टरांनी संप केला तो सलग २४ तासांपेक्षा जास्त राबवू नका, एवढ्यासाठी. त्यांच्या रिकाम्या जागा भरतात पाकिस्तान, सुदान आणि भारतातून आलेले डॉक्टर. यात मराठी मुलंमुली आहेत. एमएसची सीट मिळाली नाही, किंवा मिळाली तरी तिकडचा अनुभव हवा, म्हणून गेलेली.

त्यांपैकी बऱ्याच जणांना ज्या जागा मिळतात त्या प्रशिक्षणाच्या यादीत नसतात. काम तेच, रात्रपाळी तीच, ओपीडी तीच, पण त्याची गणती कुठल्याही अभ्यासक्रमात होत नाही. २०१३ पासून सर्जरीचं प्रशिक्षण एकसलग आठ वर्षांचं करून आयर्लंडने आपल्या मुलांची मधली भटकंती कमी केली, ही चांगलीच सुधारणा. तिच्या बाहेर उरलेल्यांची भटकंती मात्र चालूच आहे. पाकिस्तानच्या फिजिशियन्स आणि सर्जन्सच्या कॉलेजबरोबर केलेल्या करारात तिथल्या डॉक्टरांना काही काळ शिकवून परत पाठवायची सोय आहे. ती अपुरी असली तरी दिशा बरोबर आहे, कारण शिकवण्याची बांधिलकी निदान कागदावर येते.

तास कमी केले तर सर्जन तयार कसे होणार, असं जुनेजाणते म्हणतात. दमलेल्या माणसाने मध्यरात्री केलेली शस्त्रक्रिया म्हणजे शिक्षण, हे मला पटत नाही. डब्लिनच्या यॉर्क स्ट्रीटवर सर्जनांच्या कॉलेजने २०१७ मध्ये सिम्युलेशनची मोठी प्रयोगशाळा उघडली. पहिल्या चुका तिथे प्लास्टिकच्या आतड्यावर होऊ शकतात. तिथली पातळी गाठल्याशिवाय कुणालाही रुग्णाच्या पोटात कॅमेरा घालू देऊ नये, मग त्याला कितीही वर्षं लागोत. गरीब रुग्ण ही पहिल्या चुकीची जागा असण्याचं कारण आता संपलं आहे.

आणि परीक्षा? प्रत्येक प्रशिक्षण रुग्णालयातल्या शस्त्रक्रियांचे आकडे सर्जनवार काढून दरवर्षी परदेशी तज्ज्ञासमोर आणि डॉक्टर नसलेल्या सदस्यांसमोर ठेवले जावेत, आणि शिकाऊ डॉक्टरची साक्ष तिथे त्याच्या साहेबाच्या माघारी घेतली जावी. ज्या रुग्णालयाला परदेशी डॉक्टर हवा आहे, त्याने त्याला शिकवण्याचा लेखी करार करावा, तासांसकट. शिकवायचं नसेल तर तसं जाहिरातीतच लिहावं, म्हणजे लातूरच्या किंवा कोल्हापूरच्या मुलीला विमानाचं तिकीट काढण्याआधी कळेल की ही नोकरी आहे, हिच्यातून ती सर्जन होणार नाही.